खळे ते कॅनव्हास : मालवण परिसर आणि स्त्रीचित्रकारांचा भावाविष्कार – एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

दृश्यकला आणि भावना यांचा संबंध भारतीय कलाविचाराने फार पूर्वीच मान्य केला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील भाव-रसविवेचन नाट्यापुरते मर्यादित राहिले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात नऊ चित्ररसांची स्वतंत्र चर्चा आढळते. पाश्चात्त्य विचारातही टॉलस्टॉय यांनी भावनेचे संक्रमण हा कलेचा निकष मानला, तर कॉलिंगवूड यांनी १९३८ मध्ये भावनेचे केवळ प्रदर्शन आणि भावनेची अभिव्यक्ती यांत मूलभूत भेद केला. मराठीत बा. सी. मर्ढेकर आणि रा. भा. पाटणकर यांनी कलाकृतीतील भावनेच्या स्थानाचा तात्त्विक अंगाने विचार केला. तथापि, चित्रात व्यक्त झालेला भाव कोणाचा आणि तो रेखाटणारा हात कोणाचा, हा प्रश्न या सर्व परंपरेत क्वचितच उपस्थित झाला. स्त्रीचा विरह, वात्सल्य आणि शोक हे चित्रकलेचे आवडते विषय होते. स्त्री मात्र दीर्घकाळ चित्राचा विषयच राहिली.

या प्रश्नाचा विचार मालवण परिसराच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरते. हा परिसर लोककलांनी संपन्न आहे, गोवा आणि मुंबई या दोन कलाकेंद्रांच्या मध्ये आहे आणि येथील स्त्रीजीवनात श्रम व प्रतीक्षा यांना मोठे स्थान आहे. असे असूनही येथून पुढे येऊ पाहणाऱ्या मुलींच्या चित्रकलेकडे अद्याप ‘छंद’ म्हणूनच पाहिले जाते. स्त्री उपजतच भावनाप्रधान असते आणि म्हणून तिचे चित्र आपोआप भावपूर्ण होते, ही समजूत त्यामागे आहे. ही समजूत इतिहासाला धरून नाही. भावना चित्रात उतरण्यासाठी शिक्षण, साहित्य, वेळ, जागा आणि जाणता प्रेक्षक यांची आवश्यकता असते, आणि ही साधने ज्या क्रमाने स्त्रियांच्या हाती आली त्याच क्रमाने त्यांच्या चित्रांतील भावाविष्कार बदलत गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्त्रीचा भाव, पुरुषाचा हात

दक्षिण कोकणातील दशावतारी नाट्य, म्हणजेच मालवणीतील धयकालो, हे या भागातील भावदर्शनाचे सर्वांत प्रभावी माध्यम होय. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत पतिव्रतेचा शोक, मातेचा आक्रोश आणि परित्यक्तेचे दुःख पाहून प्रेक्षकांतील स्त्रिया डोळे टिपतात. परंतु या स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष नटच करीत आले. स्त्रीच्या दुःखाचा साज, स्वर आणि मुद्रा पुरुषाने ठरवायची आणि ते दुःख आपले म्हणून स्त्रीने पाहायचे, अशी ही व्यवस्था होती. पुरुष नटांनी या भूमिकांत मिळविलेले कौशल्य असामान्य आहे. येथे प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नसून आविष्काराच्या अधिकाराचा आहे.

मुद्रित चित्रांच्या बाबतीतही हेच घडले. राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रण छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला यांच्या रंगीत प्रती महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. नऊवारी साडीतील या नायिकांनी स्त्रीच्या भावमुद्रेचा एक सर्वमान्य नमुना तयार केला. पुढे रावबहादूर म. वि. धुरंधर यांनी ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथासाठी निरनिराळ्या जातींच्या व व्यवसायांच्या स्त्रियांची चित्रे काढली. त्यांतील निरीक्षण अत्यंत बारकाईचे आहे. पण वेशभूषा, ठेवण आणि डौल यांवर भर असलेल्या अशा चित्रणात स्त्रीकडे बाहेरून पाहिले जाते. तिला स्वतःला काय दिसते, हा या चित्रांचा विषय नव्हता.

खळ्यातील कला आणि तिचे विस्मरण

याचा अर्थ स्त्रीच्या हाती दृश्यकला नव्हतीच असा होत नाही. मालवणीत अंगणाला खळे म्हणतात. पावसाळा संपला की खळे नव्याने चोपून, शेणाने सारवून सिद्ध केले जाते आणि तुळशीवृंदावनासमोर रांगोळी उमटते. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर घरात येते. तिला मुखवटा लावणे, साडी नेसविणे, दागिने घालणे ही खऱ्या अर्थाने रचनाकला होय, आणि ती स्त्रियांच्या हातची आहे. माहेरवाशिणीचे येणे आणि परत जाणे या अनुभवाशी हा सण जोडलेला असल्याने त्या रचनेत भावनेचा मोठा अंश असतो.

या कलेच्या दोन मर्यादा मात्र लक्षात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा तिच्या क्षणिकतेची. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जाते आणि गौर तिसऱ्या दिवशी पाण्यात जाते. त्यामुळे मागच्या पिढीतील स्त्रीने काय काढले, याचा पुरावाच शिल्लक राहत नाही. दुसरी मर्यादा अनामिकतेची. ही कला कर्तव्य म्हणून केली जाते, त्यामुळे तिच्या कर्तीचे नाव कोणी नोंदवीत नाही.

अशी अनामिक गृहकला बाजारात आणि कलादालनात येते तेव्हा काय होते, हे समजण्यासाठी वारली चित्रकलेचे उदाहरण उद्बोधक आहे. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा होता. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या प्रतिभेने ती जगभर गेली. म्हसे यांनी विधीच्या चौकटीबाहेरचे विषय आणून या कलेला नवे सामर्थ्य दिले, हे निर्विवाद आहे. तथापि, ज्या स्त्रियांनी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांची नावे त्या प्रमाणात पुढे आली नाहीत. याउलट बिहारमधील मिथिला भागात १९६० च्या दशकातील दुष्काळानंतर कागदावरील चित्रांना प्रोत्साहन मिळाले, तेव्हा त्या कामातही भास्कर कुलकर्णी होते आणि तेथे स्त्रियाच नामवंत चित्रकार म्हणून पुढे आल्या. एकच कार्यकर्ता आणि दोन्हीकडे मूळची स्त्रियांची भित्तिकला असूनही परिणाम वेगळे झाले. कागद, रंग आणि मोबदला प्रथम कोणाच्या हाती पोहोचतो, यावर बरेच काही अवलंबून असते, असे यावरून दिसते.

लेखणी आधी, कुंचला नंतर

मराठी स्त्रीने भावनेचा जाहीर उच्चार प्रथम लेखनातून केला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मधील. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली. या ग्रंथाच्या नावातच ‘चित्र’ हा शब्द आहे, हे लक्षणीय आहे. लेखनासाठी कागद, लेखणी आणि स्वयंपाकघरातून सवड मिळालेली तासभराची वेळ पुरत असे. तैलचित्रासाठी महाग रंग, स्वतंत्र खोली, मॉडेल आणि अनेक वर्षांचे शिस्तबद्ध शिक्षण लागते. लिंडा नॉक्लिन या अमेरिकन कलाइतिहासकार विदुषीने १९७१ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात थोर स्त्रीचित्रकार का झाल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेत न शोधता संस्थांत शोधले. पूर्वीच्या बहुसंख्य स्त्रीचित्रकार या चित्रकारांच्याच कन्या होत्या, असेही त्यांनी दाखवून दिले.

मुंबईचा अनुभव या निरीक्षणाला पुष्टी देतो. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. या कलाशाळेतून १९३१ मध्ये पदविका प्राप्त करणाऱ्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) या म. वि. धुरंधरांच्या कन्या होत. मूळच्या गोमंतकीय असलेल्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) या चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कन्या. दोघींनाही घरातच चित्रशाळा, रंग आणि गुरू मिळाले. अंबिकाबाईंची चित्रशैली वडिलांच्या वास्तववादी वळणाची राहिली. वृद्धापकाळी त्यांनी लिहिलेल्या आत्मकथनाचे नाव ‘माझी स्मरणचित्रे’ असे आहे. अँजेला त्रिंदाद यांनी ख्रिस्ती विषयांना भारतीय वेश आणि मुद्रा दिल्या आणि पुढे त्रिकोणी आकारांवर आधारलेली स्वतःची अमूर्त शैली विकसित केली. पत्नी व कन्या यांना चित्रविषय करणाऱ्या पित्याच्या घरातील मुलगी स्वतः चित्रकर्ती झाली, ही एका पिढीत घडलेली मोठी घटना होय. या पितापुत्रींच्या चित्रांचा संग्रह पणजी येथील फुंदासाँव ओरिएंत या संस्थेत असून मालवणच्या विद्यार्थ्यांना तो एका दिवसाच्या सहलीत पाहता येण्यासारखा आहे.

मासळीची टोपली आणि करुण रस

चित्रकाराची कन्या नसलेल्या, ग्रामीण पार्श्वभूमीच्या स्त्रीला ही वाट मोकळी होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. त्याआधी अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांनी स्त्रीच्या अंतर्मुख भावस्थितीला आधुनिक भारतीय चित्रात प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्यांच्या १९३५ मधील ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले. या चित्रातील मुली प्रेक्षकाकडे पाहत नाहीत. त्या हसत नाहीत आणि रडतही नाहीत. तरीही त्यांच्या भवितव्याविषयीची चिंता पाहणाऱ्याच्या मनात उतरते.

हा धागा पुढे नेला तो बी. प्रभा (१९३३–२००१) यांनी. नागपूरजवळील बेला या गावी जन्मलेल्या प्रभा यांनी नागपूर व त्यानंतर मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी विवाह केला. डॉ. होमी भाभा आणि एअर इंडिया हे त्यांच्या चित्रांचे आरंभीचे संग्राहक होत. त्यांच्या चित्रांतील सर्वांत परिचित विषय म्हणजे कोळीण.

मालवणच्या वाचकाला येथे एक तुलना सहज सुचेल. दिनदर्शिका, चित्रपट आणि स्नेहसंमेलनातील नृत्ये यांनी रूढ केलेली कोळीण सदैव हसरी, ठसकेबाज आणि नाचरी असते. मालवणच्या बंदरावर पहाटेपासून लिलावाची वाट पाहणारी, ऊन चढण्यापूर्वी टोपली विकण्याची घाई असलेली आणि वादळात होडी परतेपर्यंत समुद्राकडे डोळे लावून बसणारी गाबीत स्त्री या प्रतिमेत मावत नाही. बी. प्रभा यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरील स्त्रिया रंगविल्या. पण त्यांची चित्रे मालवणच्या स्त्रीलाही आपली वाटावीत अशी आहेत. लांबवलेली मान व हातपाय, एकाच रंगाच्या छटांनी व्यापलेली पार्श्वभूमी, जवळजवळ स्थिर देह आणि मिटलेले ओठ एवढ्या अल्प साधनांनी त्या श्रमाचा थकवा आणि स्त्रीचा स्वाभिमान एकाच वेळी व्यक्त करतात. येथे करुण रस अश्रूंतून निर्माण होत नाही. तो रेषेच्या लांबीतून आणि अवकाशाच्या रितेपणातून निर्माण होतो. कॉलिंगवूड यांनी केलेला भावनेचे प्रदर्शन आणि अभिव्यक्ती यांतील भेद या चित्रांवरून विद्यार्थ्यांना उत्तम रीतीने समजावून देता येतो.

कोकणातील स्त्रीच्या भावविश्वाचा आणखी एक पैलू येथे नोंदवला पाहिजे. गिरणगावात किंवा गिरगावातील खोलीत राहणारा चाकरमानी आणि गावी घर, शेत व म्हातारी माणसे सांभाळणारी त्याची पत्नी हे येथील कुटुंबाचे अनेक दशकांचे रूप होते. मनीऑर्डर आणि गणपतीची रजा यांवर हे संसार चालले. १९८२ च्या गिरणी संपाने ते हादरले. या प्रतीक्षेला जात्यावरच्या ओव्यांनी आणि फुगडीच्या गाण्यांनी शब्द दिले, पण चित्र मिळाले नाही. ज्या स्त्रीने ती प्रतीक्षा केली तिच्या हाती रंग नव्हते, आणि ज्यांच्या हाती रंग होते त्यांच्या वाट्याला तो अनुभव आला नव्हता.

निसर्गातून भाव : प्रफुल्ला डहाणूकर

भावनेचा आविष्कार मानवाकृतीतूनच होतो असे नाही, हे प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४) यांच्या चित्रांवरून स्पष्ट होते. गोव्यातील बांदिवडे येथे जन्मलेल्या प्रफुल्लाताईंनी १९५५ मध्ये ज. जी. कलाशाळेत सुवर्णपदक मिळविले, मुंबईतील भुलाभाई देसाई स्मृती संस्थेत काम केले आणि १९६१ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन अध्ययन केले. त्यांची निसर्गचित्रे एखाद्या विशिष्ट स्थळाची नक्कल नसतात. पाणी, आकाश आणि हिरवाई यांच्या स्मृती त्यांत रंगांच्या विस्तारातून येतात. मालवणसारख्या ठिकाणी ‘निसर्गचित्र’ म्हणजे किल्ला, माड आणि सूर्यास्त असे समीकरण झाले असताना निसर्ग हा मनःस्थितीचाही वाहक होऊ शकतो, हा त्यांच्या कलेचा धडा महत्त्वाचा आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीसह अनेक कलासंस्थांच्या कारभारात त्यांनी प्रदीर्घ काळ जबाबदारी सांभाळली. त्यांच्या नावाने स्थापन झालेले प्रतिष्ठान नवोदित चित्रकारांना प्रोत्साहन देते. कलावंत म्हणून स्वतःची वाट शोधणे आणि इतरांसाठी दार उघडे ठेवणे ही दोन्ही कामे त्यांनी केली.

सावंतवाडीचा अनुभव

मालवणच्या अधिक निकट असलेले उदाहरण सावंतवाडीचे आहे. संस्थानकाळापासून येथे गंजिफा रंगविण्याची चिताऱ्यांची परंपरा होती. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० गोल पाने असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला लोप पावण्याच्या मार्गावर होती. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पती शिवरामराजे यांच्यासह १९७० च्या दशकात तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. त्या स्वतः ही कला वृद्ध चिताऱ्याकडून शिकल्या आणि राजवाड्यातच कारागिरांना काम व जागा उपलब्ध करून दिली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले.

गंजिफाच्या लहानशा वर्तुळात वैयक्तिक भावनेला फारसा वाव नसतो, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी खराही आहे. परंतु राजवाड्यातील उपक्रमाने एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. गावापासून दूर न जाता, निश्चित जागी, नियमित मोबदल्यावर रोज कुंचला हाती धरता येतो. भावाविष्काराच्या आधी हाताला वळण लागावे लागते आणि ते वळण लागण्यासाठी अशी जागा असावी लागते.

स्मरणचित्र : नवोदितांचा पहिला उंबरठा

मालवण परिसरातील बहुतेक मुलींचा चित्रकलेशी औपचारिक परिचय शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांतून होतो. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तसेच भूमिती व अक्षरलेखन हे या परीक्षांचे परिचित विषय. यांपैकी स्मरणचित्र हा विषय प्रस्तुत संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे, कारण विद्यार्थिनीने पाहिलेले व अनुभवलेले जीवन कागदावर उतरविण्याची संधी प्रामुख्याने याच विषयात असते.

व्यवहारात मात्र ही संधी बहुधा वाया जाते. दोन डोंगरांमधील सूर्य, त्रिकोणी शिडाची होडी, झोपडी आणि वाकडा माड असा ठराविक साचा गिरवून घेतला जातो. दांडी किंवा राजकोट भागातील मुलीने उलांडीची होडी, रापण ओढणारी माणसांची रांग आणि किनाऱ्यावर बसलेली स्वतःची आजी रोज पाहिलेली असते. परीक्षेच्या कागदावर ती कधीही न पाहिलेली होडी काढते. स्वतःच्या अनुभवाला चित्रात स्थान नाही, हा धडा अशा रीतीने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच दिला जातो. पुढे भावपूर्ण चित्राची अपेक्षा करताना या धड्याचा विसर पडतो.

दुसरी अडचण पुढील शिक्षणाची. १९७२ मध्ये पणजीत कला महाविद्यालय सुरू झाले आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यामुळे अंतराचा प्रश्न पूर्वीपेक्षा सौम्य झाला. तरीही मुलीला कलाशिक्षणासाठी बाहेर ठेवण्याचा खर्च आणि ‘यातून नोकरी कोणती?’ हा प्रश्न अनेक घरांत निर्णायक ठरतो.

तिसरी अडचण अलीकडची आहे. पर्यटनाच्या वाढीबरोबर भित्तिचित्रे, फलक आणि भेटवस्तू यांना मागणी आली. यातून नवोदितांना अर्थार्जनाचे साधन मिळाले, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र या मागणीला सुखी, रंगीत आणि निश्चिंत मालवण हवे असते. हसऱ्या कोळिणीचा जुना नमुना त्यामुळे नव्या रंगात परत येतो, आणि यावेळी तो रंगविणारा हात स्त्रीचाही असू शकतो. केवळ कर्ती स्त्री आहे म्हणून चित्रातील दृष्टी स्त्रीची होत नाही, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्त्रीचा भाव हा दक्षिण कोकणातील नाट्याचा व महाराष्ट्रातील चित्राचा जुना विषय असला, तरी त्याच्या आविष्काराचा अधिकार दीर्घकाळ पुरुषांकडे होता. स्त्रियांच्या स्वतःच्या दृश्यकलेला क्षणिकता आणि अनामिकता यांमुळे इतिहासात नोंद मिळाली नाही.

२. पहिल्या पिढीतील स्त्रीचित्रकारांना घरातील कलावारशाचा, तर बी. प्रभा व प्रफुल्ला डहाणूकर यांच्या पिढीला संस्था, शिष्यवृत्ती आणि संग्राहक यांचा आधार मिळाला. साधने बदलली तसे भावाविष्काराचे रूपही वास्तववादी चित्रणाकडून रेषा, रंग व अवकाश यांच्या भाषेकडे गेले.

३. या चित्रकर्तींची उत्कृष्ट चित्रे संयमाची आहेत. भावपूर्णता आणि भावविवशता या एक नव्हेत, हे त्यांवरून सिद्ध होते.

४. मालवण परिसरातील नवोदित मुलींच्या बाबतीत अनुभवाची उणीव नाही. तो अनुभव चित्रयोग्य आहे, हे सांगणाऱ्या शिक्षणाची उणीव आहे.

यातील शेवटच्या मुद्द्याची जबाबदारी काही प्रमाणात महाविद्यालयांवर येते. वार्षिक स्नेहसंमेलनातील रांगोळी स्पर्धेची छायाचित्रे कर्तीच्या नावासह व वर्षासह ग्रंथालयात जतन करणे, विद्यार्थिनींना सावंतवाडी व पणजी येथील संग्रह दाखविणे, मराठी व इतिहास विभागांनी आजींच्या पिढीतील खळ्यातील आकृत्यांची नोंद करून घेणे आणि चित्रकलेत पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या पालकांशी प्राध्यापकांनी स्वतः बोलणे या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. अंबिका धुरंधर यांना स्मरणचित्रे लिहिता आली, कारण त्यांचे शिक्षण आणि त्यांची चित्रे यांची नोंद राहिली होती. मालवणच्या खळ्यात काल काढलेली रांगोळी आज सकाळी झाडली गेली आहे. तिची नोंद कोणी घेतली नाही, तर पन्नास वर्षांनी या परिसरात स्त्रीचित्रकार नव्हत्याच, असे पुन्हा लिहिले जाईल.